इंडिगो मरीना डिझेल: परत परत येणारे विजेचे बिघाड नेमके कुठे असतात आणि कसे काढायचे

डिकी उघडली की मागचा वायपर चालतो, लावली की थांबतो. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद पेटतो. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो. इलेक्ट्रिशियनकडे नेली की एखादा बल्ब, एखादा फ्यूज किंवा थेट नवी बॅटरी पडते आणि महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. असं होत असेल तर बिघाड बहुतेक वेळा बदललेल्या वस्तूत नव्हताच. तो होता वायरीत, किंवा त्या वायरीच्या अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो त्या जोडात.

टाटांनी मरीना 2004 मध्ये बाजारात आणली. पुढून ती त्यांची इंडिगो सेडानच. फरक मागे: लांब छत आणि छताला बिजागरीने टांगलेला मोठा दरवाजा. घरचं सामान, शेतमाल, दुकानाचा माल, सगळं एका गाडीत मावतं ते या दरवाजामुळे, आणि विजेची निम्मी दुखणीही त्याच्याच बिजागरीपाशी सापडतात. आता सगळ्यात नवी मरीनाही दहा वर्षांच्या पुढे गेली आहे. बऱ्याच गाड्यांची 15 वर्षांची नोंदणी संपून नूतनीकरणाची पासिंग झाली आहे किंवा व्हायची आहे, आणि तिथे प्रत्येक दिवा, हॉर्न आणि वायपर चालू दाखवावाच लागतो. म्हणून तात्पुरती टेप गुंडाळण्यापेक्षा एकदाच नीट काम केलेलं बरं.

लागणारं सामान फार नाही: साधा डिजिटल मल्टिमीटर, 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प, 8 ते 19 चे पाने, चांगली क्रिम्पिंग पकड, 120 नंबरचा पॉलिश पेपर, व्हॅसलीन, हीट श्रिंक नळी आणि कापडी वायरिंग टेप. वायर गाडीची, म्हणजे बारीक बारीक तारांची घ्यायची. घरच्या फिटिंगची जाड तारांची वायर हलत्या जागी दोन पावसाळेही काढत नाही.

डिकीच्या बिजागरीतली वायरिंग

छतातून दरवाजात जाणाऱ्या वायरी एका घडीदार रबरी नळीतून जातात. दरवाजा वर-खाली झाला की सगळ्या वायरी त्याच बोटभर जागी वाकतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने वायरीवरचं प्लास्टिक कडक होतं, आतल्या तांब्याच्या बारीक तारा एकेक करून तुटत जातात. सुरुवातीला वीस-बावीस तारांपैकी पाच-सहाच शिल्लक राहतात. तेवढ्यावर लहान बल्ब पेटतो, पण वायपरची मोटर ओढत नाही. पुढे उरलेल्याही तुटतात आणि तुटलेली टोकं दरवाजाच्या स्थितीप्रमाणे कधी चिकटतात, कधी सुटतात. प्लास्टिकही फाटलं की दोन वायरी एकमेकींना किंवा पत्र्याला लागतात आणि फ्यूज उडतो. दरवाजा लावल्यावरच फ्यूज उडत असेल तर दुसरीकडे शोधत बसू नका, आधी ही नळी उघडा.

दरवाजावर विजेचं काय काय आहे ते मॉडेलप्रमाणे बदलतं. काच गरम करणाऱ्या रेषा, वायपर, लॉकची मोटर, यांतलं एखादं तुमच्या गाडीत नसेलही. त्यामुळे कुठल्याही आकृतीवर विसंबण्यापेक्षा गाडीतल्या वायरी मोजा.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. छताच्या कापडी अस्तराची मागची कडा हलकेच खाली घ्या. थंडीत क्लिपा कडक असतात आणि पटकन तुटतात, म्हणून गाडी थोडा वेळ उन्हात उभी करून हे काम करावं. रबरी नळीची दोन्ही टोकं पत्र्यातून बाहेर ओढा आणि नळी एका बाजूला सरकवा. आता एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ताणा. आतून तुटलेली वायर रबरासारखी लांबते, शाबूत वायर अजिबात लांबत नाही. नुसतं डोळ्यांनी पाहून हे कळत नाही, कारण वरचं प्लास्टिक बऱ्याचदा अगदी नव्यासारखं दिसतं.

एक वायर तुटलेली सापडली तर सगळ्या बदला. बाकीच्याही तितक्याच वेळा वाकल्या आहेत. इथे हमखास होणारी चूक म्हणजे तुटलेल्या जागीच पीळ देऊन टेप लावणं. जोड कडक असतो. तो वाकायच्या जागी आला की त्याच्या शेजारची तार महिन्या-दोन महिन्यांत तुटते. जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर गेला पाहिजे: एक टोक छताच्या आत, दुसरं दरवाजाच्या आत, दोन्हीकडे नळीच्या तोंडापासून निदान 7-8 सेंमी दूर. त्यासाठी प्रत्येक वायरीला साधारण 30 ते 35 सेंमीचा नवा तुकडा लागतो.

दिवे आणि लॉकसाठी 1 चौरस मिमी वायर पुरते. काच गरम करणाऱ्या रेषा 10 ते 12 अँपिअर ओढतात, त्यांना आणि दरवाजाच्या अर्थिंगला 2.5 चौरस मिमी द्या. कापण्याआधी रंगांचा फोटो काढा आणि एका वेळी एकच वायर कापून जोडा. सगळे जोड एकाच रांगेत न ठेवता 2-3 सेंमी मागेपुढे ठेवा, नाहीतर तिथे गाठोडं होऊन नळीत जात नाही. क्रिम्प करून वर हीट श्रिंक चढवलेला जोड सर्वांत टिकाऊ. सोल्डर केलात तरी चालेल, फक्त सोल्डर शोषून ताठ झालेला भाग वाकणाऱ्या जागेत येऊ देऊ नका. रबरी नळीच्या आत टेप गुंडाळायची नाही. तिथे वायरी एकमेकींवरून मोकळ्या सरकल्या पाहिजेत. आत थोडी टाल्कम पावडर टाकली की त्या सहज सरकतात.

नळीला भेग असेल तर तीही बदला. तिथून शिरलेलं पाणी छताच्या अस्तरातून मागच्या खांबात उतरतं आणि तिथल्या कपलरमध्ये (वायरींच्या जोडाच्या प्लास्टिक सॉकेटमध्ये) हिरवा थर धरतो.

काम झालं की दिवे, वायपर आणि काच गरम करायचं बटण चालू ठेवून दरवाजा बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण उघडा, अशा पाचही जागी थांबून पाहा. कुठेही दिवा लुकलुकता कामा नये.

ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीतही हाच प्रकार होतो. पॉवर विंडो दार उघडं असताना चालते आणि बंद केल्यावर नाही, किंवा उलट, तर मोटर विकत घेण्याआधी तिथली रबरी नळी ओढून बघा. दार कुठल्याही स्थितीत असो, काच नुसतीच हळू चढत असेल तर मात्र कारण वेगळं: काचेच्या खाचेतलं रबर कोरडं पडलेलं असतं. सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा ऑइल लावू नका, त्यावर धूळ बसून खाच आणखी जड होते.

अर्थिंग

ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा इंडिकेटर किंवा पार्किंगचा दिवा मंद पेटणं ही अर्थिंग गेल्याची खूण आहे. करंटला पत्र्यातून परतायची वाट मिळत नाही, मग तो शेजारच्या बल्बमधून उलटा फिरून वाट काढतो. बल्ब बदलून हे कधीच सुटत नाही.

तपासायला मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. काळं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर (वायर लांब लागेल, जोडून घ्या), लाल टोक मागच्या दिव्याच्या होल्डरच्या अर्थिंग पिनवर. आता दिवा चालू करा. दिवा चालू नसताना हे मोजण्यात अर्थ नाही, कारण करंट वाहत नसेल तर खराब जोडही शून्यच दाखवतो. 0.1 ते 0.2 व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर तो जोड साफ करायचा.

अर्थिंगचा बोल्ट काढा, पत्र्यावरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चमक येईपर्यंत घासा, वायरीचं टोकही घासा, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा आणि त्यानंतर वरून व्हॅसलीन लावा. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या समुद्राकाठच्या भागात खारी हवा हे जोड देशावरच्यापेक्षा फार लवकर खाते. तिथे दर पावसाळ्याआधी हे काम करावं. होल्डरची पितळी पट्टी काळी पडली असेल, प्लास्टिक वितळलेलं असेल, तर घासून उपयोग नाही, होल्डरच बदला.

बॅटरीपासून इंजिन-गिअरबॉक्सला जाणारी जाड पट्टी वेगळी तपासा. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. 0.3 व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी किंवा तिचे बोल्ट खराब. अशी गाडी नव्या बॅटरीवरही सुस्त फिरते. पट्टी पूर्ण तुटली तर सेल्फचा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलसारख्या धातूच्या तारांमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागली तर कारण हेच, आणि ते लगेच दुरुस्त करा. नाहीतर केबल जळते.

उभ्या गाडीची बॅटरी उतरणं

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.5-12.6 व्होल्ट असायला हवेत. सेल्फ फिरताना 9.6 च्या खाली जाऊ नयेत. बॅटरी चांगली असून उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे.

आधी डिकीतला दिवा बघा. डिकी लावल्यावर तो विझतो की नाही हे दिवसा बाहेरून सहज कळत नाही. मोबाइलचा व्हिडिओ चालू करून आत ठेवा आणि डिकी लावा. 5 वॅटचा तो बल्ब सुमारे 0.4 अँपिअर खातो, म्हणजे दोन दिवसांत 20 अँपिअर-तास. 60 अँपिअर-तासाची जुनी बॅटरी एवढ्यावरच सेल्फ फिरवेनाशी होते. पुष्कळदा डिकीचं रबर दबल्यामुळे किंवा लॉक सैल झाल्यामुळे दरवाजा स्विचला पुरेसा दाबत नाही. कडीचा खिळा एक-दोन मिलिमीटर आत घेतला की काम होतं.

तिथे काही नसेल तर मीटर 10 अँपिअरवर लावा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ती तार आणि बॅटरीची खुंटी यांच्यामध्ये मीटर जोडा, दारं लॉक करा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, किल्लीही फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. जास्त करंट दिसला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याला काढल्यावर आकडा पडतो, त्या वाटेवर चोर आहे. बहुतेक वेळा तो बाहेरून बसवलेला असतो: रिमोट लॉकचा डबा किंवा म्युझिक सिस्टिम. सिस्टिमची पिवळी वायर कायम बॅटरीवर आणि लाल वायर किल्लीवर हवी. घाईत दोन्ही एकत्र पिळून कायम पुरवठ्यावर दिलेल्या असतात. सगळे फ्यूज काढूनही गळती राहिली तर अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची) मागची जाड वायर सोडून बघा. आकडा पडला तर आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला आहे.

अल्टरनेटर आणि त्याच्या पाठीवरचा व्हॅक्यूम पंप

डिझेल मरीनाचा हा बिघाड नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण त्याचा संबंध ब्रेकशी आहे. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून ब्रेक बूस्टरसाठी (ब्रेकचं पेडल हलकं करणाऱ्या डब्यासाठी) वेगळा पंप लागतो, आणि तो इथे अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला आहे. पंपाला इंजिन ऑइल मिळतं. दोघांमधलं ऑइल सील झिजलं की ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरतं आणि कार्बनची भुकटी मिसळून काळा चिकट लगदा होतो. मग कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) स्लिप रिंगला, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावरच्या कड्यांना, नीट टेकत नाहीत. बॅटरीचा लाल दिवा आधी मंद, रेस दिल्यावर विझणारा, मग कायम लागलेला राहतो.

गॅरेजमध्ये फक्त कार्बन बदलून देतात. सील तेच राहतं, म्हणून नवे कार्बनही काही आठवड्यांत ऑइलात भिजतात. एकदा अल्टरनेटर खाली उतरवला की ऑइल सील, पंपाची ओ-रिंग, कार्बन आणि दोन्ही बेअरिंगं एकत्र बदला आणि स्लिप रिंगवर खाच पडली आहे का ते पाहा. पंपाचे ऑइल पाइप आणि बूस्टरची रबरी नळी मऊ पडली असेल किंवा तडकली असेल तर तीही बदला. व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर (गॅरेजमध्ये अजून कटआउट म्हणतात) मात्र मोजल्याशिवाय बदलू नका.

मोजायचं असं: इंजिन साधारण 2000 आरपीएमवर, बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट. हेडलाइट आणि ब्लोअर चालू केल्यावर 13.5 च्या खाली नको. 14.8 च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला, आणि तो बॅटरीचं पाणी आटवतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर डायोड संशयास्पद. किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, लाल दिवा लागलाच पाहिजे. तो बल्ब गेला असेल तर अल्टरनेटरला सुरुवातीचा करंटच मिळत नाही, आणि चांगला अल्टरनेटर विनाकारण उघडला जातो. चार्जिंग होतंय का बघायला चालू इंजिनवर बॅटरीची तार काढायची सवय आजही दिसते. असं कधीच करू नका. व्होल्टेज क्षणात उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर जागीच जातात.

ब्रेकची चाचणी: इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, पेडल लाकडासारखं कडक राहिलं, तर गाडी रस्त्यावर काढू नका.

सकाळचा धूर, आणि चालता चालता बंद पडणं

1.4 लिटरचं हे इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शनचं (डिझेल थेट सिलिंडरमध्ये नाही, आधी छोट्या कप्प्यात सोडणारं) असल्यामुळे थंडीत तो कप्पा तापवणाऱ्या हीटर प्लगवर अवलंबून असतं. एक प्लग गेला तर पहिले काही सेकंद इंजिन एका सिलिंडरवर अडखळतं आणि पांढरा धूर येतो. दोन-तीन गेले तर नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, आणि दोष बॅटरीला दिला जातो.

चारही प्लगना जोडणारी पट्टी काढा आणि प्रत्येक प्लगचं टोक ते इंजिनचा धातू असा ओहम मोजा. 1 ओहमच्या आसपास किंवा कमी म्हणजे चांगला. मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून येणारा आकडा त्यातून वजा करायला विसरू नका. काहीच दाखवलं नाही तर प्लग आतून तुटला. चारही चांगले असूनही धूर असेल तर पट्टीवर टेस्ट लॅम्प लावून किल्ली फिरवा. दिवा काही सेकंद लख्ख पेटला पाहिजे. नाही पेटला तर रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा त्याचा मोठा फ्यूज बघा. प्लग काढताना इंजिन कोमट असावं आणि आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकलेलं असावं. अडकलेल्या प्लगवर जोर केला तर तो हेडमध्येच तुटतो आणि मग हेड उतरवायची वेळ येते.

खड्ड्यात आदळल्यावर इंजिन एकदम बंद, आणि लगेच परत चालू होतं? डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडची (विजेने उघडणाऱ्या झडपेची) वायर बघा. किल्ली चालू असेपर्यंत तिथे 12 व्होल्ट असतात आणि तेवढ्यावरच डिझेलची वाट उघडी राहते. टोक सैल असलं की क्षणभर पुरवठा जातो. किल्ली फिरवल्यावर तिथे टक असा आवाज यायला हवा.

हेडलाइटचा जळणारा स्विच

60/55 वॅटचे दोन बल्ब डिपरवर सुमारे 9 अँपिअर ओढतात. बाजारातले 100/90 वॅटचे बल्ब लावले की तेच 15 होतात. जुन्या स्विचचे आणि कपलरचे झिजलेले टोक तेवढं सोसत नाहीत. आधी मंद उजेड, मग जळका वास, मग स्विच वितळतो. बल्ब मूळ वॅटचेच ठेवा आणि रिले आधीपासून नसतील तर दोन लावा, एक डिपरला, एक अपरला. रिलेच्या पिनांवर नंबर असतात: जुनी हेडलाइटची वायर 85 वर, 86 अर्थिंगला, 30 वर बॅटरीतून 2.5 चौरस मिमी वायर, 87 वरून बल्बला. बॅटरीपासून वीतभर अंतरातच 20 अँपिअरचा फ्यूज हवा. तो विसरला तर उघडी पडलेली वायर गाडी पेटवू शकते. बल्बवर पूर्वीपेक्षा एक व्होल्ट जरी जास्त पोचला तरी उजेडातला फरक नुसत्या डोळ्यांना कळतो.

झीज

डिकीचा दरवाजा उचलून धरणारे गॅस शॉकर दमले की दरवाजा हिसक्याने खाली येतो, आणि प्रत्येक हिसका बिजागरीतल्या वायरींना बसतो. म्हणून वायरिंग बदलाल तेव्हा शॉकरची जोडीही बदला, एकच नको. दरवाजाला काठीचा टेकू द्या, गोल खुंटीवरची स्प्रिंग क्लिप पातळ स्क्रूड्रायव्हरने उचला, शॉकर सुटतो. जुन्याला भोक पाडायचं नाही, तापवायचं नाही. आत दाबलेला गॅस असतो.

मागचं सस्पेन्शन प्रत्येक चाकाला स्वतंत्र, तीन लिंकचं. कायम ओझं वाहिलेल्या गाडीत लिंकांची रबरी बुशं फाटतात आणि मागचे टायर आतल्या कडेने झिजतात. इथे एक गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकते: नवी बुशं बसवल्यावर बोल्ट गाडी जॅकवर असतानाच पूर्ण आवळतात. मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेल्या स्थितीत राहतं आणि वर्षभरात फाटतं. बोल्ट आधी नुसते लावा, चाकं जमिनीवर घ्या, मागे थोडं वजन ठेवा, गाडी दोन-चार वेळा दाबा आणि मग आवळा. त्यानंतर चारही चाकांचं अलाइनमेंट.

पुढून हळू वेगात खडखड आली तर आधी लिंक रॉड बघा, ते स्वस्त आहेत आणि तेच आधी जातात. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवा: खेळ आला तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून खेळ आला तर टाय रॉडचं टोक. बॉल जॉइंट सैल सापडला तर त्याच दिवशी बदला. तो निसटला की चाक आडवं होतं.

सगळं जोडून झालं की अस्तर परत बसवण्याआधी डिकीच्या बिजागरीवर पाच मिनिटं नळीने पाणी सोडा आणि आतून टॉर्च मारा. रबरी नळीच्या तोंडाशी ओल दिसली तर कडा पत्र्यात पूर्ण बसलेली नाही. ती आत्ताच बसवा, अस्तर लावल्यावर ओल दिसणार नाही.